सीलबंद करवत

चेनसॉ हवेत धरली की वाघासारखी गुरगुरायची आणि झाडाला टेकवली की चार बोटं कापून मान टाकायची. सकाळपासून पाचव्यांदा असं झालं, तेव्हा सीलसाहेब कमरेवर हात ठेवून म्हणाले, "यात कुणाचा तरी हात आहे."

"तुमचाच आहे. दुसऱ्या कुणी धरलीय का ती?" पायरीवरून बायको म्हणाली. "अडीचला निघायचंय मला. उद्या ताईचं ऑपरेशन, आणि मी दिसल्याशिवाय ती आत जाणार नाही म्हणतेय."

निघायचं होतं ते शेजारच्या मास्तरांच्या गाडीतून. दोन घरांना मिळून एकच फाटक होतं, आणि पहाटेच्या वादळात कुंपणालगतचं झाड नेमकं त्याच फाटकात आडवं झालं होतं. गाडी आत, रस्ता बाहेर आणि स्टेशन तासाभराच्या अंतरावर.

सीलसाहेब हे नाव कॉलनीने ठेवलेलं. एका कारखान्यात ते एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते आणि त्यांच्या शिक्क्याशिवाय तिथून खिळासुद्धा हलत नसे. निवृत्त होताना त्यांनी स्टोअर सोडलं, पितळी शिक्का सोडला नाही. घरातली तेलाची बरणी, मधाची बाटली, बिस्किटांचा डबा, सगळ्यांच्या झाकणावर काचा बसवायची पुट्टी आणि पुट्टीवर शिक्का. "शिक्का असला की कुणाला नाही म्हणता येत नाही," असं ते म्हणत. घरात माणसं दोनच असल्यामुळे बायकोला या वाक्याचा राग येई.

महिन्यापूर्वी मास्तरांनी फांद्या छाटायला चेनसॉ नेली होती आणि पुसून लख्ख करून परत दिली होती. तेव्हापासून साहेबांच्या मनात पाल चुकचुकत होती. ज्याने काही केलेलं नाही, तो पुसेल कशाला?

"साखळी बोथट झाली असेल," असं म्हणत मास्तर कानस घेऊन आले. आयुष्यभर मुलांना ड्रॉइंग शिकवलेला हा माणूस पेन्सिलीला टोक काढावं तसा एकेक दात घासत बसला. करवत पुन्हा चार बोटं कापून थांबली. मग त्यांनी प्लग साफ केला. एअर फिल्टर झटकला, त्यातून मूठभर भुसा निघाला. तरी चारच बोटं.

साहेब शेजारी उभे राहून बघत होते. आधी कधी उघडल्याशिवाय या माणसाला यातलं इतकं कळतं कसं?

"पेट्रोल बघू या," मास्तर म्हणाले.

"पेट्रोलला कुणी हात लावलेला नाही. टाकीच्या झाकणाचं सील शाबूत आहे."

"तरी बघू या."

बायकोला साक्षीला उभं करून साहेबांनी सील फोडलं. झाकण फिरवताच आतून फुस्स असा आवाज आला. पेट्रोल चांगलं होतं. झाकण लावून मशीन चालू केली, तर करवत खोडात हातभर घुसली. मास्तर खूश झाले. पण उघडलेली वस्तू तशीच ठेवणं साहेबांच्या शिस्तीत बसत नव्हतं. त्यांनी मशीन थांबवून ताजी पुट्टी लावली, शिक्का मारला आणि पुन्हा सुरू केली. चार बोटं.

असं तीनदा झालं. सील फोडलं की चालते, सील केलं की मरते.

"मग फोडलेलंच राहू द्या ना," बायको म्हणाली.

"उघडं ठेवू? आवारात माणसं असताना?"

मास्तरांचा हात थांबला. "माणसं म्हणजे मीच ना, साहेब?"

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. पण मशीन तुमच्याकडे गेली होती आणि पुसून परत आली. कुणी सांगितलं नसताना."

मास्तरांनी कानस फडक्यात गुंडाळली. "सव्वीस वर्षं एकच फाटक आहे आपलं," एवढंच बोलून ते घरात गेले आणि त्यांच्या दाराची कडी आतून लागली.

"आता मला स्टेशनवर कोण सोडणार?" बायकोने विचारलं. "शिक्का?"

साहेबांनी मेकॅनिकला फोन लावला. ती कडी त्यांना फार लागली होती. पण चूक कबूल करायची तर आधी ती सापडायला हवी होती.

एक वाजता मेकॅनिक खोडावरून उडी मारून आत आला. त्याने चेनसॉ चालू करून आवाज ऐकला, बंद केली, उलटीसुलटी केली.

"काका, झाकणावर हे काय थापलंय?"

"सील."

"अहो, झाकणाला भोक असतं. पेट्रोल जेवढं जातं तेवढी हवा आत यायला लागते, नाहीतर टाकी पेट्रोल सोडत नाही. नुसती फिरताना भागतं. लाकूड कापताना पेट्रोल जास्त लागतं, तेव्हा दम तुटतो." नखाने खरवडत तो म्हणाला, "आणि हे चुकून नाही झालेलं. काडीने दाबून दाबून बुजवलंय. कुणीतरी डूख धरलाय तुमच्यावर."

साहेबांचा चेहरा उतरला. मास्तरांनी मशीन परत दिली त्याच संध्याकाळी ते भोक त्यांना दिसलं होतं. त्यातून इंजेक्शनची सुई घालून पेट्रोल ओढता येईल, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

बायकोने तो पुट्टीचा तुकडा उजेडात धरला. "शिक्का असला की काय म्हणता येत नाही हो?"

साहेबांनी तुकडा घेतला आणि जाऊन मास्तरांचं दार वाजवलं.

"चोर सापडला, मास्तर."

"कोण?"

साहेबांनी तळहात पुढे केला. मास्तरांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. "अक्षरं छान उमटलीत," ते म्हणाले.

"चुकलं माझं. तुम्हाला बोललो त्याची लाज वाटतेय."

मास्तरांनी खिळ्यावरची गाडीची किल्ली काढली. अडीचला पाच मिनिटं असताना खोडाचे तुकडे बाजूला झाले आणि गाडी बाहेर पडली.

उरलेल्या फांद्यांसाठी साहेबांनी आपणहून चेनसॉ मास्तरांकडे पोचवली, तीही सील न करता. चार दिवसांनी ती परत आली. या खेपेला मास्तरांनी ती मुद्दाम पुसली नव्हती. साहेबांनी हळूच झाकण उघडून आत काडी घातली. पेट्रोल दोन बोटं जास्त होतं.

त्यांनी लगेच बायकोला फोन लावला. "ताई कशी आहे?"

"बरी आहे. काल चाललीसुद्धा."

"बरं झालं. ऐक, मास्तरांनी पेट्रोल जास्त भरून दिलंय. का दिलं असेल?"

"चांगला माणूस आहे म्हणून."

हे उत्तर साहेबांनी बराच वेळ उलटसुलट तपासलं. त्यात काही सापडेना. शेवटी ते बिस्किटांचा डबा काखोटीला मारून शेजारी गेले आणि डबा मास्तरांपुढे ठेवून म्हणाले, "सील तुम्ही फोडा."

मास्तरांनी तीन बिस्किटं घेतली. साहेबांनी ती मोजली, पण दुसरीकडे बघत.