रिकामं नाव

राज्यातली दुकानांची सगळी नावं मार्च महिन्यात संपली. 'न्यू' आणि 'ओरिजिनल' लावून ताणलेली नावं एप्रिलच्या मध्यापर्यंत पुरली, मग तीही गेली.

रोहिणी बेंद्रे नोंदणी कार्यालयात पोचल्या त्या मे महिन्यात. बावीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात कुकरची झाकणं बसवली होती. कारखाना बंद पडला, आणि आता त्यांना कुकर दुरुस्तीचं स्वतःचं दुकान काढायचं होतं. बाजारपेठेत गाळाही मिळाला होता. महिनाअखेर पाटी लागली नाही, तर तो यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होता.

"नाव शिल्लक नाही," कारकून खटावकर म्हणाले.

"बिननावाचं चालेल का?"

"रकाना रिकामा सोडता येत नाही." त्यांनी फॉर्म उलटून पाहिला. "स्वतःचं नाव देता येतं. पण दिलं की ते दुकानाचं. एक नाव दोन ठिकाणी राहत नाही. तुमच्याकडे एखादं जादा आहे का? बऱ्याच बायकांकडे असतं. माहेरचं."

"आहे की," रोहिणीबाई म्हणाल्या. "द्वारका. लग्नात बदललं. एकतीस वर्षं तसंच पडून आहे."

"मग सोपं आहे. निरीक्षक येतील आणि ते खरंच रिकामं आहे का बघून जातील."

निरीक्षक ढोबळेबाई गुरुवारी आल्या. पद्धत अशी होती की अर्जदाराने नेहमीचं काम करायचं, निरीक्षकाने पाठीमागे उभं राहून हाका मारायच्या. मान वळली तर नाव वापरात आहे असं धरायचं.

रोहिणीबाई कुकरची शिट्टी उघडून बसल्या. "द्वारका," ढोबळेबाईंनी हाक मारली. मान वळली नाही. "द्वारका बेंद्रे." नाही. "कुमारी द्वारका तुकाराम शेवाळे." शिट्टीतून डाळीचा खडा निघाला, तेवढंच.

ढोबळेबाईंनी नियमपुस्तिका चाळली. "घरी काय म्हणायचे?"

"आई द्वारके म्हणायची."

ढोबळेबाई दोन पावलं मागे सरकल्या. घसा साफ करून त्या साध्या आवाजात म्हणाल्या, "द्वारके, पान वाढलंय गं. ऊठ."

रोहिणीबाईंनी पक्कड खाली ठेवली आणि त्या उठून उभ्या राहिल्या. हात पदराला पुसले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

"वापरात आहे," ढोबळेबाईंनी लिहिलं.

रोहिणीबाई परत खाली बसल्या. महिना संपायला चार दिवस होते. त्या पक्कड उचलून शिट्टीचा आटा आवळू लागल्या. ढोबळेबाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत होत्या.

"रोहिणी," त्यांनी हाक मारली.

आटा आवळणं चालूच होतं.

"रोहिणीबाई. अहो, रोहिणी बेंद्रे."

"काही म्हणालात?" ढोबळेबाईंनी कागदावर शिक्का मारल्याचा आवाज आला, तेव्हा रोहिणीबाईंनी वर पाहिलं.

"हे रिकामं आहे," ढोबळेबाई म्हणाल्या. "हे देता?"

शनिवारी पाटी लागली: रोहिणी हणमंत बेंद्रे, कुकर दुरुस्त करून मिळतील. रेशन कार्डावर त्याच दिवशी द्वारका आलं.

"मग आता मी तुला काय म्हणू?" नवऱ्याने, हणमंतरावांनी, जेवताना विचारलं.

"आजवर काय म्हणत होता?"

ते आठवू लागले. "अगं."

"मग तेच म्हणा. त्याला नोंदणी लागत नाही."

दुकान चाललं. गावोगावचे कुकर यायला लागले. वर्ष झालं तेव्हा वार्षिक पडताळणीला ढोबळेबाई पुन्हा आल्या. आता नाव दुकानाचं होतं, तेव्हा ओ दुकानानेच द्यायला हवी होती. त्या रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहिल्या आणि त्यांनी हाक मारली, "रोहिणी."

"ओ," दुकान म्हणालं.

आवाज जरा घोगरा होता, पण नियमात आवाजाविषयी काही नव्हतं. ढोबळेबाईंनी खूण केली आणि पुढच्या वर्षीची तारीख घातली. आत द्वारकाबाई एका झाकणाला रबर बसवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. हाक त्यांना नव्हती.