एक डायपर, अधिक नऊशे साठ टन

ढब्बूने शी केली त्या क्षणी बोट नेमकी कोणाच्या हद्दीत होती, हा प्रश्न त्या दिवशी सकाळी सव्वादहापर्यंत कोणालाही पडला नव्हता. ढब्बू अकरा महिन्यांची. मावशीचं नवं बाळ बघून आईबरोबर समुद्रापलीकडून घरी परतत होती. किनारा दिसू लागताच बोटीवरच्या कचरापेट्यांना नियमानुसार कुलपं लागली. तेव्हा आईने डायपर गुंडाळून एका पिशवीत घातला, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली आणि सामानात ठेवली. इथवर कोणत्याही आईने केलं असतं तेच तिने केलं.

चूक पुढे झाली. उतरण्याआधी वाटलेल्या फॉर्मवर अकरावा प्रश्न होता, 'आपण परदेशातून घरगुती कचरा सोबत आणला आहे काय?' बाकी प्रवाशांनी गप्पा मारता मारता वरपासून खालपर्यंत 'नाही'च्या रकान्यात खुणा ओढल्या. पण ढब्बूची आई म्हणजे औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर दोनदा वाचणारी बाई. तिने प्रश्न वाचला, पिशवीकडे पाहिलं आणि 'होय'वर खूण केली.

खिडकी क्रमांक चारमागच्या चष्मेवाल्या बाईंनी नऊ वर्षांच्या नोकरीत 'होय' पाहिलं नव्हतं. त्या खुर्चीतून उठल्याच.

"साहेब, आलंय एक!"

साहेब आले. पिशवी टेबलाच्या मधोमध ठेवण्यात आली आणि सगळे दोन पावलं मागे सरले.

"उत्पादक कोण?"

"अहो, उत्पादक कसला? माझी मुलगी आहे ही."

"लिहा, उत्पादक अल्पवयीन. कुठे केली?"

"बोटीत. किनारा दिसायच्या जरा आधी."

"जरा म्हणजे किती मैल?"

आईने मैल मोजले नव्हते. साहेबांना याचं वाईट वाटलं.

"बरं, त्याआधी खाल्लं काय?"

"केळं. बहिणीकडचं."

"म्हणजे कच्चा माल परकीय, प्रक्रिया समुद्रात. आणि वेष्टन?"

"डायपर इथलाच. जाताना नेला होता मी."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, फारच किचकट प्रकरण आणलंत तुम्ही."

"मी टाकून देते ना. ती काय समोर कचरापेटी."

"ती देशांतर्गत कचऱ्याची आहे."

"मग परत पाठवून द्या."

"त्याला तिकडचा परवाना लागतो. ते लोक फार कडक आहेत हो कचऱ्याच्या बाबतीत."

एवढ्यात चष्मेवाल्या बाईंना काहीतरी सुचलं. त्या साहेबांच्या कानाशी लागल्या, पण कुजबुज सगळ्या रांगेला ऐकू गेली. "साहेब, सकाळीही तिने काहीतरी खाल्लं असणार. ते अजून आत आहे."

साहेबांनी ढब्बूकडे रोखून पाहिलं. ढब्बू खुदकन हसली. "म्हणजे आयात पूर्ण झालेली नाही. चालू आहे. पूर्ण होईपर्यंत बाळाला बाहेर सोडता येणार नाही."

आईने सामान चाचपलं. दूध संपत आलं होतं, कोरडा डायपर एकच उरला होता, आणि तो वापरात आला की कागदोपत्री आणखी एक खेप वाढणार होती. तिने फाटकाबाहेर ताटकळणाऱ्या नवऱ्याला फोन लावला.

"अगं, 'नाही' लिहायचं ना!"

"पण होता ना कचरा!"

"कचरा असतोच गं. तो लिहायचा नसतो."

फोन ठेवताना तिची नजर खिडकीबाहेर गेली. धक्क्यावर मोठाले लोखंडी कंटेनर रांगेने उभे होते. एकाचं दार फुगून जरासं उघडलं होतं. फटीतून चेपलेले दुधाचे खोके, एका पायातला मोजा, मुंडकं नसलेली बाहुली आणि, तिची नजर असल्या बाबतीत चुकत नसे, डायपर लोंबत होते.

"आणि ते?" तिने विचारलं.

"तो कचरा नाही. कच्चा माल आहे. वीस टनांच्या आत असेल तर कचरा, वीस टनांच्या वर कच्चा माल."

"असं का?"

"लहान कचऱ्याचा मालक सापडतो ना. नियम त्यालाच लावता येतो." साहेबांनी उसासा टाकला. "पण हे आणणारी कंपनीही बिचारी तीन आठवडे अडकली आहे. कंपनीकडे टन आहेत, पण नवा नियम म्हणतो की घरगुती कचरा फक्त घरानेच आणावा. कंपनीला कुठलं आलंय घर?"

साहेब बोलता बोलता थांबले. चष्मेवाल्या बाईंनी साहेबांकडे पाहिलं. मग दोघांनीही ढब्बूच्या आईकडे पाहिलं.

"तुमच्याकडे घर आहे," साहेब हळुवारपणे म्हणाले, "पण टन नाहीत."

पाच मिनिटांत फॉर्म तयार झाला. डायपर चाळीस कंटेनरमध्ये सामील होणार, वजनाची अट पूर्ण होणार, डायपर कच्चा माल ठरणार आणि ढब्बूच्या पोटात जे काही होतं ते 'उर्वरित खेप' म्हणून घरपोच मंजूर होणार. सही करायची आणि निघायचं. आई वाचत बसली.

"इथे लिहिलंय, विल्हेवाट आयातदाराच्या पत्त्यावर."

"पत्त्यावर म्हणजे अगदी घरात नव्हे हो. परिसरात."

"परिसरात म्हणजे कुठे?"

"अहो ताई, करा ना सही!" मागून टोपीवाले आजोबा ओरडले. ते तिच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत. "बाळ रडतंय, आमचेही पाय मोडले इथे उभं राहून. वाचत काय बसलात?"

बाळ खरंच रडत होतं. आईने सही केली. परिसरातले पन्नास साक्षीदार हवे होते, तेही रांगेतच निघाले. बोट तिच्याच गावची, माणसंही तिच्याच परिसरातली. प्रत्येकाने पुढच्याच्या पाठीवर कागद ठेवून सही ठोकली. सहा मिनिटांत पन्नास. वाचला कोणीच नाही.

इमारतीमागच्या मैदानात आई ढब्बूला संध्याकाळी फिरायला न्यायची. तीन महिन्यांत तिथे टेकडी झाली. ती आपोआप पेटायची आणि आपोआप धुमसायची. ढब्बू चालायला लागली ती खोकतच. डॉक्टर म्हणाले, "खिडक्या बंद ठेवा," आणि स्वतःची खिडकी बंद करून घेतली. आईने नगर कार्यालयाला पत्र लिहिलं. उत्तर अगदी वेळेवर आलं. 'नोंदीनुसार सदर नऊशे साठ टन व एक डायपर हा आपल्याच कुटुंबाचा घरगुती कचरा आहे. तीन माणसांच्या कुटुंबाच्या मानाने हे प्रमाण जास्त वाटते. कृपया घरातील कचरा कमी करण्याची सवय लावावी.' सोबत दारावर चिकटवायला एक हिरवं चित्र होतं.

मग तिने बोटीतल्या शीपासून सगळं सांगणारा तक्रार अर्ज लिहिला. टेकडी हलवा, आमची मुलं खोकताहेत. यालाही परिसरातल्या पन्नास सह्या लागत होत्या. ढब्बूला कडेवर घेऊन ती मजले चढली.

"ठेवून जा," टोपीवाले आजोबा म्हणाले. "सही म्हणजे जबाबदारी असते. आम्ही वाचल्याशिवाय करत नाही."

अर्ज दारोदार फिरला. कोणी दोन दिवस वाचला, कोणी आठवडा. सगळ्यांनी अगदी शब्दन् शब्द वाचला. काहींनी घरच्यांनाही वाचून दाखवला. केळ्याच्या भागाला तर सगळ्याच मजल्यांवर हशा पिकला.

शेवटी आजोबांनीच कागद परत आणून दिला. दारात उभं राहून आधी ते मनसोक्त खोकले. आत ढब्बूही खोकली. मग त्यांनी कौतुकाने मान डोलावली.

"फार छान लिहिता हो तुम्ही. इतका वेळ वाचत होतो, मजा आली."

सह्यांची जागा कोरीच होती. इथवर वाचणारे सगळे असंच म्हणतात.