सिलिंडरची दाढी

सायमनकाका आपटेकर सिलिंडरची दाढी करत. वाचून हसू येईल, पण आमच्या आळीत ज्यांच्याकडे गॅस आला त्या सगळ्यांनी हा सोहळा उघड्या डोळ्यांनी पाहिला आहे. पितळी वाटी, दाढीचा साबण आणि केस झडत आलेला एक ब्रश. घरात नवा सिलिंडर आला की काका पाटावर मांडी घालून बसायचे, वाटीत भरपूर फेस करायचे आणि सिलिंडरच्या मानेला असा चोपडायचे की नवरदेवाचीही कुणी इतक्या निगुतीनं केली नसेल.

तेव्हा पनवेलमध्ये गॅस नवा नवा येऊ लागला होता, आणि मीही सून म्हणून आमच्या घरात नवीनच होते. आमच्या भिंतीला भिंत लागून सायमनकाका आणि साराकाकूंचं घर. ही बेने इस्रायल मंडळी, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. काका पोस्टातून निवृत्त झालेले, दोन्ही मुलं बायकापोरांसकट इस्रायलला गेलेली. काकांनी जन्मभर पाकिटांवर शिक्के मारले. हातात पाना धरायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. पण त्यांच्या घरी पहिलं कनेक्शन जोडायला आलेल्या माणसाला त्यांनी चहावर चहा पाजला आणि सगळी विद्या काढून घेतली. त्या दिवसापासून आळीतला प्रत्येक सिलिंडर त्यांचा झाला. बोलावण्याची वाट वगैरे ते पाहत नसत.

हातगाडी वाजली की काका दारात हजर. "आधी शेगडीची बटणं बंद! सिलिंडर उभा. आडवा नाही, कलता नाही, शाळेत बाकावर उभा करतात तसा!" मग रबरी नळी बोटांनी वाकवून, कुठे तडा गेलाय का ते पाहणं. मग वायसर. तो त्यांना नखानं दाबून बघितल्याशिवाय चैन पडत नसे. मग नट. हा नट बाकी साऱ्या दुनियेच्या उलटा, डावीकडे फिरवला की घट्ट होणारा. आळीतल्या एका वकिलांनी तो उजवीकडे पिळून पिळून हाताला फोड आणला होता, तेव्हापासून ते रस्त्यात काकांना चुकवत असत. आणि शेवटी फेस.

"आता कुणी बोलायचं नाही," काका म्हणायचे. "आता बुडबुडा बोलेल."

सगळ्यांनी वाकून सिलिंडरच्या मानेकडे बघत राहायचं. फेसात नवा बुडबुडा फुगला तर गॅस गळतोय. फेस गप्प बसून राहिला तर खुशाल काडी ओढा. बुडबुडा बहुतेक वेळा काही बोलत नसे. तरीही काका चष्मा पुसून पुन्हा बघत, आणि इकडे माझ्या चहाचं आधण खोळंबे.

सिलिंडर आणणारा हिरामण जवळच्या ओवे गावचा. त्याला हा आपल्या कामाचा सरळसरळ अपमान वाटे.

"काका, आमी हात लावलाय ना? मंग काय व्हनार नाय," तो म्हणायचा. नाक सिलिंडरजवळ नेऊन जोरात हुंगायचा. "वास हाय का? नाय ना? झाला तर!"

एरवी काका लोण्याहून मऊ. पण वासाचं नाव निघालं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत. "नाक लबाड असतं! नाकाला सर्दी होते, नाक झोपतं, नाकाला सवय होते. माझ्यासमोर नाकाची साक्ष काढायची नाही!"

यावर आळीत काय काय थट्टा होई ते सांगत नाही. माझं नाक तर इतकं तिखट, की पलीकडच्या घरात दूध उतू जायच्या बेतात आलं की मी इथून ओरडायचे. मला या फेसाचं भारी हसू यायचं.

सासूबाईंना मात्र हसू येत नव्हतं. कारण काकांचा आणखी एक नियम होता. सिलिंडर जोडताना घरात ज्योत नको. आता आमचं देवघर म्हणजे स्वयंपाकघरातलीच एक फळी, आणि तिच्यावर नंदादीप. तो विझवायचा म्हटल्यावर सासूबाईंनी डोळे असे वटारले की मी दोन पावलं मागे सरले.

"वहिनी, विझवू नका. देवांना घटकाभर ओटीवर बसवा," काकांनी तोड काढली. "वाराही मिळेल त्यांना."

म्हणून आमचे बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि गणपती ताम्हनात बसून नंदादीपासह ओटीवर गेले. रस्त्यानं जाणारे येणारे हात जोडू लागले. एका बाईनं तर आज कसली पूजा असं विचारून प्रसाद मागितला. सासूबाईंनी तिला गूळ-खोबरं दिलं, आत आल्या आणि जाहीर केलं, "सायमनभावजी, हे शेवटचं. पुढच्या वेळी तुमची वाटी या उंबऱ्याच्या आत यायची नाही."

काकांचा चेहरा खाडकन उतरला. भांडतील असं मला वाटलं होतं, पण ते हात जोडून म्हणाले, "वहिनी, माझ्याखातर एवढं चालू द्या. एका घरानं सोडलं की सगळी सोडतील." सासूबाई ढिम्म हलल्या नाहीत. आणि झालंही तसंच. पंधरवड्यात आणखी काही घरांनी काकांना दारातूनच नमस्कार करून परत पाठवलं. एका साबणाच्या फेसासाठी माणूस इतका खचेल हे मला काही केल्या समजेना.

मग तो शुक्रवार आला. काका पेन्शनच्या कामाला मुंबईला गेले होते, चारच्या एसटीनं यायचे होते. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांच्या घरी विस्तव पेटवायचा नाही, शब्बाथ, त्यांचा विसाव्याचा दिवस, लागतो. म्हणून काकूंचा सगळा रांधप दिवस असतानाच आटपायचा. आणि नेमका दुपारी त्यांचा सिलिंडर संपला. हिरामण गल्लीतच होता. त्यानं नवा आणून जोडला आणि घाईत निघून गेला.

मी वाटीभर कढीलिंब मागायला मागच्या दारानं गेले आणि उंबऱ्यातच थबकले. सडक्या कांद्यासारखा तो घाण वास असा काही कोंडला होता की डोळ्यांत पाणी आलं. आणि साराकाकू शेगडीपुढे निवांत उभ्या. जिताडा माशाचं कालवण चढवायच्या तयारीत, हातात काड्याची पेटी, काडी बाहेर काढलेली.

"काकू, काडी!" मी इतकी किंचाळले की पेटी त्यांच्या हातून पडली. धावत जाऊन मी सिलिंडर बंद केला, दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि सूप घेऊन जमिनीलगत वारा घालत राहिले, कारण हा गॅस खाली साचतो हे काकांनी आम्हाला शंभरदा ऐकवलं होतं.

धाप थोडी बसल्यावर मी काकूंकडे पाहिलं. त्या घाबरलेल्या असतील असं वाटलं होतं. पण त्या चोरी पकडली गेल्यासारख्या खाली मान घालून बसल्या होत्या.

"काकू, एवढा वास..."

"मला येत नाही गं," त्या म्हणाल्या. "धाकटा पोटात होता तेव्हा ताप आला मोठा. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. फुलाचा नाही, करपल्याचा नाही, कशाचाच नाही."

साराकाकूंच्या हाताची चव म्हणजे आळीचा अभिमान! गव्हाच्या चिकाच्या हलव्याचं प्रमाण विचारायला बायका लांबून येत.

"मासळी हेच बघून आणतात. फोडणी टाकली की हे मागे उभे राहून सांगतात, आता लसूण झाली, आता कांदा आला. मुलांनासुद्धा ठाऊक नाही. सुगरण सुगरण म्हणतात सगळे. कळलं तर माझ्या हातचं कोणी मनापासून खाईल का? गॅस आला तशी मी म्हटलं, नको आपल्याला. तर हे म्हणाले, आळीतल्या बायका गॅसवर रांधणार आणि तू धुरात बसणार? वास दिसेल अशी सोय करू. आणि तो फेस काढला." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "आपल्या एकट्याच घरी लावला तर लोक विचारतील, का म्हणून. म्हणून सगळ्यांकडे लावतात. म्हणतात, वेड्याला कोणी कारण विचारत नाही. कमल, मी सांगितलं हे यांना कळू देऊ नकोस हं."

मी घरी गेले आणि सासूबाईंना सांगितलं की या महिन्यापासून सायमनकाकांची वाटी आपल्या घरात येईल, आणि का ते विचारायचं नाही. त्या घरात माझा शब्द पहिल्यांदा चालला तो त्या दिवशी.

चारच्या एसटीनं काका आले. त्यांच्या स्वयंपाकघरात मी होतेच. "सिलिंडर आलाय. तुमच्यासाठी बंद ठेवलाय," मी म्हटलं. कोटही न काढता त्यांनी फेस केला, मानेला लावला आणि सिलिंडरचं बटण किंचित फिरवलं. भलामोठा बुडबुडा फुगला. काकांनी बटण बंद केलं. वायसर चिरलेला होता. त्यांनी तो बदलला, नट आवळला, पुन्हा फेस लावला. या वेळी फेस गप्प राहिला. काका मात्र पाटावरून उठेनात.

"तू होतीस?" त्यांनी मला विचारलं.

"होते."

त्यांनी मान हलवली. इतकं प्रेम करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि आम्ही त्याला वेड्यात काढलं होतं.

मग त्यांनी कोटाच्या खिशातून पानाचा पुडा काढून काकूंपुढे धरला. मोगऱ्याचे दिवस होते. एसटी स्टँडवर फुलवाल्या टोपल्या मांडून बसलेल्या, वासानं सारा रस्ता घमघमत असायचा. पुड्यात अबोलीची वेणी होती. अबोलीला वास नसतो.

"रंग बघ," काका म्हणाले, "आज रंग छान मिळालाय."

काकूंनी वेणी उजेडात धरून पाहिली आणि पाठमोऱ्या होऊन काकांपुढे उभ्या राहिल्या. काकांनी फेसाचे हात धोतराला पुसले आणि ती त्यांच्या अंबाड्यात माळली.