द्वारकाकाकूंचा आदर्श भाडेकरू

एका जंगलात, बाळांनो, झाडं भरपूर होती, पण राहायला जागा मिळेल तर शपथ. ढोल्यांचे भाव शेंड्याला टेकले होते. अशा त्या जंगलात द्वारकाकाकू नावाच्या घुशीचं ऐसपैस बीळ होतं. काकूंनी ते तरुणपणी स्वतःच्या दातांनी खोदलं होतं. त्यामुळे त्यांचा त्यावर फार जीव. भिंतीला कुणी नुसती पाठ टेकली तरी त्या माती झडली का ते बघायला धावायच्या.

बिळाच्या पुढच्या बाजूला काकू राहायच्या. मागची बाजू भाड्याने दिलेली. तिथे सदोबा मुंगूस, त्याची बायको कौसल्या आणि त्यांची पोरं. पोरं किती, ते काकूंना कधी कळलं नाही, कारण ती एका जागी थांबायचीच नाहीत.

भाडं म्हणजे शेंगा. सदोबा न मागता आणून टाकायचा. छप्पर गळायला लागलं तेव्हा काकू "बघू हं" म्हणाल्या आणि पुढे काही बघितलं नाही. शेवटी सदोबानेच ते लिंपून घेतलं. काकू तापाने फणफणल्या तेव्हा कौसल्येने पेज करून आणली. पोरं तर त्यांना आजीच म्हणायची.

पण काकू खूश होत्या का? छे!

"मेली सारखी धावतात," त्या म्हणायच्या. "भिंतीत खुंटी ठोकलीय. पाहुण्यांची रीघ. आणि फोडणी अशी, की मला इथे ठसका!"

त्यात त्यांना खंडू कावळा भेटला. हा जागांचा दलाल. दोन्ही बाजूंकडून खायचा आणि समोर जी बसली असेल त्या बाजूने बोलायचा.

"काकू, जुना भाडेकरू म्हणजे भिंतीतला पिंपळ," तो म्हणाला. "मूळ धरलं की सुटत नाही. म्हणून तर आपल्याकडे अकरा महिन्यांची पद्धत. जुना बाहेर, नवा आत. बीळ तुमचं ते तुमचंच!"

आपलं बीळ जाणार या विचाराने काकूंच्या अंगावर काटा आला. त्याच संध्याकाळी त्यांनी सदोबाला जागा सोडायला सांगितली.

"आमचं काही चुकलं का, काकू?" सदोबाने एवढंच विचारलं.

कौसल्येने डोळे पुसत खुंटी उपटली आणि भोक मातीने बुजवून दिलं. काकूंना क्षणभर कसंतरीच झालं. मग त्या भोक नीट बुजलंय का ते बघायला गेल्या.

आता काकूंनी अटी घातल्या. मुलंबाळं नकोत. धावपळ नको. खुंटी नको. फोडणी नको. पाहुणा मुक्कामाला नको.

खंडूने डोकं खाजवलं आणि आठवडाभरात एक गिऱ्हाईक आणलं. शेषराव नाग.

"अगं बाई, नाग?" काकू दोन पावलं मागे सरकल्या.

"जातीवर काय जाता? चौकशी तर करा!"

काकूंनी चौकशी केली. शेषरावांचं बोलणं लोण्यासारखं मऊ. कुटुंब? एकटाच. धावपळ? पायच नाहीत. खुंटी? टांगायला काही नाही.

"फोडणी?"

"घरात चूल पेटणार नाही. मी सगळं कच्चंच घेतो."

"आणि पाहुणे?"

"येतील. पण मुक्कामाला राहणार नाहीत."

"अकरा महिन्यांनी सोडाल ना?"

"जुना शेषराव तुम्हाला एक दिवसही जास्त दिसायचा नाही," फणा लववून शेषराव म्हणाले.

काकूंचा जीव भांड्यात पडला. "देवमाणूस हो!" त्या खंडूला म्हणाल्या.

आणि खरंच, घरात कशी शांतता नांदू लागली! शेषरावांकडे कधी बेडूक यायचा, कधी उंदीर. येताना दिसायचे, पण जाताना हूं की चूं नाही. "याला म्हणतात वळण," काकू शेजारच्या चिचुंदरीला सांगायच्या. पुढे पुढे चिचुंदरीही दिसेनाशी झाली. शेंगाही येईनात. पण मागच्या दारी जाऊन मागायचं काकूंना धाडस होईना.

अकरा महिने भरले. काकू मनाचा हिय्या करून गेल्या. दारात अख्खी कात पडलेली होती.

"जुने शेषराव गेले," आतून आवाज आला. "त्यांचं हे राहिलंय, ते ठेवून घ्या. मी नवा. माझे अकरा महिने आजपासून."

"अहो, पण..."

"आणि काकू, मी अंगाने जरा भरलोय. पुढची बाजूही लागेल. दुपारी घरीच असता ना तुम्ही?"

पाहुणे कसे जायचे, ते काकूंना त्या क्षणी उमगलं. त्या दणादणा धावत सुटल्या. शेषराव मागे लागले नाहीत. त्यांना बीळ मिळालं होतं.

लोक म्हणतात, आयत्या बिळावर नागोबा. बिचारा नागोबा! त्याला तर रीतसर बोलावलं होतं.

काकू खंडूकडे गेल्या. खंडूने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "एकटी बाई, त्यात म्हातारी. कुणी ठेवत नाही हो. ओढ्याकाठी एक मुंगूस आहे, विचारून बघा."

काकू मान खाली घालून सदोबाच्या दारात उभ्या राहिल्या. "आजी आली!" म्हणत पोरं अंगावर चढली आणि काकूंना रडूच फुटलं.

"मी आवाज करणार नाही," त्या म्हणाल्या, "खुंटी ठोकणार नाही..."

"ठोका की," कौसल्या म्हणाली. "लुगडं कुठे टांगाल?"

"सदोबा, त्या मेल्याला हुसकावशील का रे?"

"तुमच्याकडे होतो तेव्हा तेच तर करत होतो, काकू. पोरं उगाच का धावायची? पण आता त्याच्याकडे करार आहे. आम्ही पडलो कायद्याची माणसं."

काकूंनी घाबरतच विचारलं, "अकरा महिने झाले की मी कुठे जाऊ?"

"तेव्हा पावसाळा असेल," सदोबा म्हणाला. "पावसात कुठे जाता?"

तात्पर्य: अटी नीट घातल्या तर आदर्श भाडेकरू मिळतोच, आणि तो जन्मभर टिकतोही. काकूंच्या बिळाची भिंत आजही कोरी आहे. मालकाने फक्त स्वतःच्या राहण्याची सोय आधी बघून ठेवावी.