मन्मथच्या चिमटीतला हार

सत्कारात गळ्यात हार पडला की माणसं हात जोडतात, हार काढून टेबलावर ठेवतात आणि खुर्चीत बसतात. आमचा डॉ. मन्मथ डोळे मिटतो. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत हार धरून तो हळूहळू ओढू लागतो. त्याचं पुटपुटणं माईकमधून साऱ्या सभागृहाला ऐकू जातं. "झेंडू, झेंडू, शेवंती... झेंडू, झेंडू, शेवंती..." आणि एकदम, "इथं चूक हाय!" नांदेडला तर हार घालणाऱ्या प्राचार्यांनाच जवळ बोलावून त्याने चुकलेलं फूल दाखवलं. प्राचार्य ओशाळले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत होतो. मी वाजवल्या नाहीत.

अहमदपूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो आणि जीवशास्त्रात नेहमी मला जास्त मार्क पडायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. आज मी लातूरला बारावीला जीवशास्त्र शिकवतो, आणि ज्या शिक्षकांनी मला इथवर आणलं त्यांचे उपकार विसरत नाही. पण डीएनएचा धडा काढला की कुणीतरी हात वर करतंच. "सर, मन्मथ सर तुमचे मित्र हायत ना? त्यांना बोलवा की!" फळ्यासमोर मी उभा असतो, हे त्यांना दिसत नसावं.

मन्मथने उमेदीची वर्षं एक भोक पाडण्यात घालवली. पेशीच्या आवरणासारख्या अतिपातळ पडद्यातलं असं बारीक भोक, की त्यातून डीएनएचा एकच धागा जावा. भोकातून वीज वाहते. धाग्यावरचं अक्षर बदललं की वीज किंचित हलते, आणि त्यावरून अक्षरं वाचायची. पुढे तो कॅन्सरकडे वळला. रोगी पेशीच्या धाग्यात कुठलं अक्षर भलत्या जागी बसलंय, ते आता तो शोधतो. मात्र शोधणं प्रयोगशाळेपाशी थांबत नाही. मांडवाचं तोरण, माझ्या बायकोची मोत्यांची माळ, निवडणुकीच्या पताका, सगळं चिमटीतून जातं. त्याचं लग्न जमलं नाही याचं मला नवल वाटत नाही. मुलगी बघायला गेला आणि तिच्या आईचा गजरा तपासून आला.

भाषणात तो सांगतो, "माझी पहिली प्रयोगशाळा म्हणजे अहमदपूरच्या एसटी स्टँडसमोरचा फुलांचा गाडा." तो गाडा माझ्या मायचा! मन्मथची आई लवकर गेली. शाळा सुटली की तो गाड्यावर मायजवळ जाऊन बसायचा. मी घरी अभ्यास करायचो. गिऱ्हाइकाला हार देण्याआधी माय डोळे मिटून तो चिमटीतून ओढून बघायची. मी हे शंभरदा पाहिलं होतं. मला त्यात काहीच दिसलं नव्हतं.

आता मायला नीट दिसत नाही, शुगरमुळे बोटंही बधिर झालीत. गाडा बंद कर, लातूरला चल, म्हणून मी मागे लागलो होतो. दिवाळीत मी अहमदपूरला असताना मन्मथ गाड्यावर आला, तेव्हा तिने नुकताच ओवलेला हार त्याच्या हातात दिला.

"मन्मथा, आमचे सर म्हनतात माय चुकती, घरी बस. मी याचं ऐकत न्हाई. तू बघ. तू चूक काढलीस तर उद्यापासून गाडा बंद."

मी मनातून खूश झालो. मधोमध शेवंतीच्या जागी तिसरा झेंडू बसला होता, मला लांबूनच दिसत होता. आणि मन्मथ प्राचार्यांचीसुद्धा भीड ठेवत नाही.

त्याने डोळे मिटले. "झेंडू, झेंडू, शेवंती..." हार सरकू लागला. चिमटी त्या तिसऱ्या झेंडूवर आली आणि थांबली. माय त्याच्या तोंडाकडे कान लावून बसली होती.

"शेवंती," मन्मथ म्हणाला, आणि हार शेवटपर्यंत ओढत नेला. "बराबर हाय, माय."

"ऐकलास का?" माय माझ्याकडे वळली. "लई शिकवत होतास मला!"

तो हार मागून घेऊन मन्मथ निघाला. स्टँडवर मी त्याला गाठलं. "तुला कळलं न्हाई?"

"कळलं की."

"मग?"

"गाडा बंद झाला तर गावाकडं आल्यावर मी कुठं जायचं?"

"आमचं घर हाय की."

"हाव," तो म्हणाला. "घर तुझं हाय."

बस सुटली. तो खिडकीशी बसला होता, डोळे मिटून. मांडीवरचा हार चिमटीतून सरकत होता. मधोमध एका जागी त्याची बोटं थांबली. बस वळेपर्यंत ती पुढं सरकली नाहीत.