फक्कीच्या चार खोल्या

पुढच्या दहा वर्षांत शाळेत किती मुलं येणार, हे हेडसरांना तोंडपाठ होतं. पट दरवर्षी चाळिसानं वाढत होता. आत्ताच शाळेच्या सहा खोल्यांत एका बाकावर चौघं बसत आणि चौथ्याचा एक पाय कायम बाहेर असे. चार खोल्या वाढवून मिळाल्या नाहीत, तर पुढच्या वर्षी पहिलीची अर्धी मुलं दारातूनच परत पाठवावी लागणार होती. या विचारानं सरांचा जीव तुटत असे.

खोल्यांची मागणी तपासायला वरचे साहेब येणार, असं पत्र आलं. नुसत्या कागदावर साहेबांना काय कळणार, असं म्हणत सरांनी शिपाईमामांकडून मैदानावर चुन्याच्या फक्कीनं चारही खोल्या आखून घेतल्या. अगदी खऱ्या मापाच्या, दारंखिडक्यांसकट. मामा घरी गेले तरी सर मधल्या एका खोलीत उभेच होते. तिथे म्हणे त्यांना सावली लागत होती.

मुलांनी त्या खोल्या लगेच आपल्या मानल्या. भिंत कुणी ओलांडेना. चेंडू खिडकीतून आत गेला, तर तो आणायला पोरगं वळसा घालून दारानं जाई. आत गुदमरण्यापेक्षा हे बरं, म्हणून बाईंनी एकेक वर्ग तिकडे हलवला. आठवड्याभरात सगळी शाळा ऐसपैस झाली.

नेमके तेव्हाच साहेब आले. आत बाकांवर दोघं-दोघंच बसलेली, बाहेर चार खोल्यांतून पाढे चाललेले. हे सगळं अजून बांधायचं आहे, एवढंच सरांना सांगायचं होतं. पण त्यांची तंद्री लागली होती.

"इकडून या साहेब, दार इकडे आहे," ते म्हणाले.

साहेब भला माणूस. दारानंच आत आले, खिडकीपाशी घटकाभर थांबले आणि समाधानानं परत गेले.

पंधरा दिवसांनी शेरा आला. थोरल्या बाईंनी तो वाचून दाखवला. वापरातील खोल्या दहा, जागा पुरेशी, नव्या बांधकामाची गरज नाही. मैदानाकडील चार खोल्यांत उजेड व हवा विशेष उत्तम.

"आता त्या पहिलीच्या पोरांना काय सांगायचं, सर?" बाई रडकुंडीला आल्या होत्या.

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी कागद घेतला आणि शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचली.

"खिडक्या मी मुद्दामच मोठ्या घेतल्या होत्या," ते हळूच म्हणाले.