माळ्यावर कोण आहे?

आमच्या घरात तीन पिढ्या आहेत आणि त्यांना जोडणारा भक्कम पूल म्हणजे मी! हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

पुलाच्या एका टोकाला माझी आई. वस्तू आणायची ती टिकवण्यासाठी, वापरण्यासाठी नव्हे, हा तिचा बाणा. आमच्या फ्रिजला फुलाफुलांचा झगा आहे, मिक्सरला टोपडं आहे आणि टीव्हीचा रिमोट दुकानातून ज्या पिशवीत आला त्याच पिशवीत अजून राहतो. त्याचा खरा रंग घरात कुणालाच ठाऊक नाही. आईचा मोबाइल बटव्यात, बटवा कपाटात आणि मोबाइल कायमचा बंद. "चालू ठेवला की झिजतो," असं तिचं म्हणणं.

दुसऱ्या टोकाला माझी लेक. ती परगावी कंप्युटरच्या कंपनीत आहे. तिच्या घरात दिवे बोलल्यावर लागतात आणि झाडू आपला आपण फिरतो. वस्तू ती आज आणते, उद्या कंटाळते आणि परवा विकते. या दोघींच्या मधोमध उभं राहून मी दोघींनाही "बरोबर आहे तुझं" म्हणत असतो. पूल म्हणतात तो याला!

तर झालं असं, की आई न्हाणीघरात घसरली. लागलं फारसं नाही, गुडघा थोडा सुजला. पण लेकीने फोनवरून घर डोक्यावर घेतलं.

"बाबा, तुम्ही आणि आई दोघं ऑफिसला, आजी दिवसभर एकटी! काही झालं तर कळणार कुणाला? तिच्यासोबत पूर्ण दिवस एक बाई ठेवा."

आईने हे ऐकलं आणि हातातलं फडकं खाली ठेवलं. आई फडकं खाली ठेवते म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

"परकी बाई येऊन माझे डबे लावणार? माझ्या चादरींच्या घड्या घालणार? मग मी काय करायचं, भिंतीकडे बघत बसायचं? ती बाई ज्या दिवशी आली, त्या दिवशी मी धाकट्याकडे निघाले. कायमची!"

धाकटा म्हणजे माझा भाऊ. चांगला आहे हो, पण आईशिवाय आमचं घर? मला कल्पनाच करवेना. शेवटी मी तोडगा काढला. लेकीने एक छोटासा कॅमेरा पाठवला. पांढरा, गोल, बॅटरीवर चालणारा. घरातलं सगळं माझ्या आणि लेकीच्या फोनवर दिसणार, ऐकू येणार आणि आम्ही बोललो की त्याच्यातून आवाजही बाहेर येणार. महिनाभर सगळं ठीक दिसलं तर बाईचा विषय बंद, असं लेकीने कबूल केलं.

"आईंना नीट सांगा हे काय आहे ते," बायको म्हणाली.

"छे छे! तिला वाटेल आपण पाळत ठेवतोय. मी सांगतो, शोभेची वस्तू आहे."

"त्यांच्यापासून लपलेली एक तरी गोष्ट आहे का या घरात?"

मी नुसता हसलो. कॅमेरा दिवाणखान्यातल्या फळीवर ठेवला आणि आईला म्हणालो, "नातीने तुझ्यासाठी पाठवलंय. शोभेचं आहे. भारी आहे हं!"

हे 'भारी आहे' म्हणालो तिथेच माझं चुकलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात. मी विमा कंपनीत आहे, लोकांच्या नुकसानीचे दावे तपासतो. कुणाच्या घरात काय काय होऊ शकतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल. जेवण झाल्यावर मोठ्या ऐटीत फोन काढला आणि शेजारच्या टेबलावरच्या हेडक्लार्कला म्हटलं, "बघा, आता माझी आई दिसेल."

दिसला तो अंधार. भर दुपारी, ठार काळोख!

"तुमच्या आईंनी काळं नेसलंय का?" हेडक्लार्कने विचारलं.

मी बोलायचं बटण दाबलं. "आई! ए आई! ऐकू येतंय का?"

खूप लांबून, गोधडीतून यावा तसा आवाज आला. "कोण? बाळ्या? अरे, तू कधी आलास? कुठून बोलतोयस?"

"मी इथूनच बोलतोय! आई, मला काहीच दिसत नाही! सगळा अंधार आहे!"

"अंधार असणारच! दार लागलंय ना! ते अडकतं, माहीत नाही का तुला?"

दार लागलंय? अंधार? अडकलंय? म्हणजे आई कुठल्या तरी खोलीत कोंडली गेली होती!

"आई, घाबरू नकोस! अजिबात हलू नकोस!"

"मी कशाला घाबरू? तूच हलू नकोस! फळ्या जुन्या आहेत, मोडतील! थांब, मी माणसं बोलावते."

कोंडलेली बाई माणसं कशी बोलावणार? बिचारीला भ्रम झाला होता! मी आईच्या मोबाइलवर फोन लावला. तो अर्थातच बंद. मग समोरच्या फ्लॅटमधल्या निवृत्त सुभेदारांना लावला. त्यांनी तो उचलला, "आत्ता नको, तुमच्याच घरी गडबड आहे!" असं ओरडले आणि ठेवला. मी अग्निशमन दलाला फोन केला. "माझी म्हातारी आई अंधारात अडकली आहे! दार उघडत नाही!" पत्ता सांगितला, लेकीला कळवलं आणि ऑफिसातून जो सुटलो तो थेट रिक्षात.

आता घरी काय चाललं होतं ते ऐका. हे मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं.

आईने ती भारी वस्तू सकाळीच पाहिली. इतकी चांगली चीज फळीवर धूळ खात ठेवायची? तिने ती दोन जुन्या टॉवेलांत गुंडाळली, वरून सुतळी बांधली आणि भांडीवाल्या मावशींना स्टुलावर चढवून स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवायला लावली. पाहुणे आले की काढायची! मावशींनी माळ्याचं सरकतं दार जोर लावून बंद केलं आणि ते नेहमीप्रमाणे अडकलं.

दुपारी त्याच माळ्यातून माझा आवाज आला. आता, तो माळा आवरायचं मी आईला वर्षभर कबूल करत होतो. तेव्हा मी गुपचूप घरी येऊन माळा आवरायला चढलो आणि आत अडकलो, यात तिला नवल काहीच वाटलं नाही. "पोट घेऊन आत शिरला कसा, एवढंच कोडं होतं," असं ती नंतर म्हणाली.

तिने सुभेदारांचं दार ठोठावलं. "अहो, आमचा बाळ्या माळ्यावर अडकलाय!"

सुभेदार या इमारतीत नवीन. माझं वय त्रेपन्न आणि घरातलं नाव बाळ्या, हे त्यांना कसं माहीत असणार? त्यांनी जिन्यात उभं राहून लष्करी आवाजात पुकारा केला, "बाळ अडकलंय! माळ्यावर बाळ अडकलंय!" तळमजल्यावरचा सुतार हातोडी घेऊन धावला. वरच्या मजल्यावरच्या काकू दुधाची बाटली घेऊन आल्या. कुणीतरी खुळखुळाही आणला म्हणे!

तेवढ्यात अग्निशमन दलाची गाडी आली. आईने दार उघडलं.

"म्हातारी बाई कुठे अडकलीय?" त्यांच्या प्रमुखाने विचारलं.

"म्हातारी नाही, बाळ्या! माळ्यावर!"

"आम्हाला म्हातारी सांगितलीय."

"इथे म्हातारी मीच आहे, आणि मी कुठेही अडकलेली नाही! शिडी लावा आधी!"

प्रमुखाने कपाळावरचा घाम पुसला आणि साथीदाराला सांगितलं, "वर दोघं आहेत. एक म्हातारी, एक बाळ. सांभाळून."

मी पोहोचलो तेव्हा जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. "काय झालंय?" मी ओरडलो.

"त्या घरात म्हातारी आणि बाळ अडकलंय!"

"बाळ? आमच्या घरात बाळ कुठून आलं?"

माणसं ढकलत मी स्वयंपाकघरात शिरलो. शिडीवर सुतार, शिडीखाली दोन जवान, ओट्याशी दुधाची बाटली आणि या सगळ्यांच्या मधोमध कमरेवर हात ठेवून माझी आई! धडधाकट, उजेडात!

"आई!"

आईने वळून पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "तू इथे? मग वर कोण आहे?"

"वर म्हणजे? तू कोंडली नव्हतीस?"

"मी कशाला कोंडले जाऊ? तू कोंडला होतास!"

"मी तर ऑफिसात होतो!"

सगळ्यांच्या माना माळ्याकडे वळल्या. आणि तेवढ्यात माळ्यावरून बारीक आवाज आला, "आजी? बाबा? कुणी आहे का तिथे? मला काहीच दिसत नाहीये!"

"अगं बाई, पोरगीसुद्धा आत!" आई मटकन स्टुलावर बसली.

प्रमुख माझ्याकडे वळला. "साहेब, एकदा नक्की सांगा. तुमच्या माळ्यावर राहतात तरी किती जण?"

सुताराने दाराची फळीच उचकटली. जुनी गादी, फुटकी बादली, खोकी आणि त्यामागे सुतळीने बांधलेलं एक गाठोडं निघालं. गाठोडं बोलत होतं. जवानाने ते दोन्ही हातांनी खाली आणलं आणि हळूच सोडलं. निळा दिवा लुकलुकला.

"अय्या, उजेड!" गाठोड्यातून लेक ओरडली. "आजी, दिसलीस! पण हे सगळे कोण? आणि दुधाची बाटली कुणाची?"

गर्दी पांगायला बराच वेळ लागला. जवानांची मी इतक्यांदा माफी मागितली, की शेवटी तेच मला धीर द्यायला लागले. काकू मात्र बाळ न दिसल्याने नाराज होऊन गेल्या.

मग घरात आई, मी आणि टेबलावरचा तो गोल डोळा एवढेच उरलो.

"शोभेची वस्तू म्हणालास ना?" आईने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मला बघायचं होतं तर सांगून बघायचं. मी काय चोर आहे माझ्याच घरात?"

माझी मान खाली गेली. खरंच लाज वाटली. लेक तिकडून हळूच म्हणाली, "आजी, चुकलंच आमचं. पण बाबा अडकलेत असं वाटल्यावर तू पाच मिनिटांत अख्खी इमारत गोळा केलीस. तुझ्यासोबत बाई कशाला हवी? बाई नको. विषय बंद."

"आणि हा डोळा?" मी विचारलं. "परत पाठवायचा का?"

"परत कशाला?" आई म्हणाली. "एवढा भारी आणलाय तर वापरूया की!"

आईच्या तोंडून 'वापरूया'! मी चाटच पडलो. तिने कपाटातून बटवा काढला, बटव्यातून मोबाइल काढला आणि तो चक्क चालू केला. नातीने तासभर फोनवरून शिकवलं. कॅमेरा पुन्हा फळीवर गेला, माझ्या फोनमधून मात्र आईने तो काढून टाकायला लावला.

आता आई रोज चार वाजता बागेत जाते. एकटी, मजेत, मोबाइल हातात धरून. तिथे तिला तीन मैत्रिणीही मिळाल्यात. परवा माझी सुट्टी होती. चार वाजून गेले होते, घरात कुणी नव्हतं. मी हातपाय धुतले आणि तसाच ओल्या पायांनी दिवाणखान्यात आलो.

"बाळ्या!" फळी गरजली. "फरशी आत्ताच पुसलीय! आधी पाय पूस!"

मी दचकून पायपुसण्यावर उडी मारली आणि मुकाट्याने पाय पुसायला लागलो. तेवढ्यात फळीवरून एक दुसराच, अनोळखी, म्हातारा आवाज आला.

"अहो, पायांचं काय घेऊन बसलात? हात पडद्याला पुसले त्याने! आम्ही चौघींनीही बघितलं!"